डेडस्टॉकमधले आप्पा

आप्पांना उभं करायला दोन माणसं लागतात. एकाने मानेला धरायचं, दुसऱ्याने उकिडवं बसून एकेक पाय ओढायचा आणि खटका दाबायचा. तिसऱ्या पायाचा खटका बसत नाही. तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळावी लागते. त्याच पायाखालचं मूळचं रबर कधीतरी सिंहगडाच्या वाटेवर पडलं. आता तिथे मेडिकलच्या दुकानातून आणलेलं, म्हाताऱ्या माणसाच्या काठीला लावतात ते बूच आहे. बूच बसलं त्याच आठवड्यात नाव पडलं. तोवर ते नुसतेच ट्रायपॉड होते.

नाव ठेवणारी मुलगी बार्शीची. सामानाच्या खिडकीशी येऊन तिने विचारलं, "मामा, आप्पा आहेत का आत?" आणि मामांनी 'कोण आप्पा' असं न विचारता कपाट उघडून ट्रायपॉडची पिशवी बाहेर काढली. मामा म्हणजे आमच्या विभागाचे शिपाई. कॅमेरा, माइक, केबल, बॅटऱ्या, यांतलं काहीही त्यांच्या वहीत सही केल्याशिवाय आणि आयकार्ड गहाण ठेवल्याशिवाय दाराबाहेर जात नसे. मी शिक्षक असलो तरी माझंही नाही. वहीत मामा 'ट्रायपॉड' असंच लिहायचे. तोंडाने मात्र त्यांच्याही 'आप्पा गेलेत, सोमवारी येतील' असंच निघायचं.

आमचा विभाग पत्रकारितेचा, कॉलेज पुण्यातलं. २००४ साली विभागाने सोनीचा पीडी १७० कॅमेरा घेतला, त्याच्याबरोबर आप्पा आले. कॅमेऱ्याचं काय कौतुक! नारळ फुटला, हार घातला, प्राचार्यांनी डोळा लावून पाहिलं. त्या प्रसंगाचा फोटो विभागात लावलेला आहे. त्यात कॅमेरा झळकतोय आणि त्याच्याखाली आप्पांची फक्त मान आलीय. तो कॅमेरा मिनीडीव्ही कॅसेटवर चाले. कॅसेट साठ मिनिटांची, आणि केलेलं शूटिंग संगणकात उतरवायलाही पुन्हा साठच मिनिटं. तेवढ्यात मुलं चहा पिऊन, भांडून, समेट करून परत येत. पुढे कॅसेटी मिळेनाशा झाल्या. मग डीएसएलआर आला. दोन पावसाळ्यांत त्याच्या लेन्सला बुरशी लागली. आता ज्याच्या त्याच्या खिशात फोन. आप्पा सगळ्यांना पुरून उरले, आणि याचं कारण त्यांचा मोठेपणा नाही, एक स्क्रू आहे. कॅमेऱ्याच्या पोटाला जो आटा असतो तो पाव इंची, आणि शंभरेक वर्षं तो तसाच आहे. चार्जरची पिन दर चार वर्षांनी बदलणाऱ्या या धंद्यात एवढी एकच गोष्ट कुणी सुधारली नाही, याबद्दल मी त्या सगळ्यांचा ऋणी आहे.

हा स्क्रू असतो प्लेटला. प्लेट म्हणजे ग्लुकोज बिस्किटाएवढा एक चपटा तुकडा. तो कॅमेऱ्याच्या बुडाला आवळायचा आणि मग आप्पांच्या डोक्यावर सरकवून खटका लावायचा. प्लेट हरवली की आप्पा म्हणजे नुसत्या तीन काठ्या. शूटिंगच्या दिवशी सकाळी आठ वाजता फोन वाजला की मी 'हॅलो' न म्हणता 'बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात बघ' असं म्हणतो. स्क्रूच्या डोक्याला एक खाच असते, ती फिरवायला नाणं लागतं. मामांनी त्यासाठी होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या डबीत आठ आण्यांचं एक नाणं घालून ठेवलेलं. चार आणे ३० जून २०११ नंतर चलनातून गेले. आठ आणे कायद्याने अजून चालतात, फक्त कुठलाच दुकानदार ते घेत नाही. त्या एका नाण्याला मात्र नोकरी होती. वहीत नोंदही तशी व्हायची: ट्रायपॉड १, प्लेट १, आठ आणे १.

आप्पांची मान दीड किलोचा कॅमेरा पेलायला घडवलेली. आतल्या स्प्रिंगला तेवढ्या ओझ्याची सवय. फोनचं वजन दोनशे ग्रॅम. मान खाली वाकवून फोन रोखायचा, हात सोडायचा, की मान हळूहळू आपोआप वर येते आणि आकाशाकडे बघत थांबते. मुलांना हा बिघाड वाटतो. मला तो स्वभाव वाटतो. आयुष्यभर पोती उचललेल्या हमालाच्या डोक्यावर कुणी फुलपुडी ठेवावी आणि म्हणावं, जरा सांभाळून न्या.

रस्त्यावर त्यांची शोभा वेगळीच. बसने न्यावं तर दांडीशी उभे केलेले आप्पा प्रत्येक थांब्यावर कुणाच्या तरी अंगावर कलतात. दुचाकीवर मागे बसलेला त्यांना उभं धरून बसतो, दिंडीतल्या पताकेसारखा. आणि पेठेत कुठेही तीन पाय फाकवून उभे राहिले की पाचव्या मिनिटाला एखाद्या गॅलरीतून खणखणीत प्रश्न येतो, "रस्ता रुंदीकरण का?" मोजणीवाल्यांची दुर्बीणही तिवईवरच असते, त्यामुळे लोकांचं चुकत नाही. "नाही आजोबा, कॉलेजची फिल्म आहे, विद्यार्थी जीवनावर." यावर वरून, "मग अभ्यास कधी करता?"

विद्यार्थी जीवन. पहिल्या सत्राचा हा ठरलेला प्रकल्प: तीन मिनिटांचा व्हिडिओ, चौघांचा गट, अंतर्गत वीस गुण. विषय मीच देतो आणि दरवर्षी पस्तावतो. कारण फिल्म सुरू होते गजराच्या घड्याळाने. आजच्या एकाही पोराकडे गजराचं घड्याळ नाही. सगळे फोनवर उठतात, किंवा उठत नाहीत. तरीही फिल्मसाठी कुणीतरी तुळशीबागेत जाऊन घड्याळ घेऊन येतं. पांघरुणातून हात येतो, घड्याळ बंद करतो. मग दात घासणं. मग जिन्यावरून धावणं. वर्गात झोप, कॅन्टीनमध्ये टाळ्या, परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्सचा गठ्ठा, आणि शेवटी टेकडीवर चौघांच्या पाठी आणि मावळता सूर्य. पियानो. 'आईबाबांस अर्पण.' कॅमेरा सगळा वेळ आरती ओवाळल्यासारखा फिरत असतो. मी म्हणतो, शॉट लावा, हात काढून घ्या, मनात दहापर्यंत मोजा, मग बंद करा. मुलं तीनपर्यंत मोजतात. दहापर्यंत काहीच घडलं नाही तर काय करायचं, ही त्यांची भीती.

आप्पांनी हे वीस वर्षं बघितलंय. तुळशीबागेतली चार घड्याळंही आता मामांच्या कपाटात आहेत.

गजर आणि टेकडी यांच्यामधला जो वेळ, तो कुणीच टिपत नाही. यात पोरांचा दोष नाही, आपली रीतच तशी. वर्गात मी रँग्लर परांजप्यांची गोष्ट सांगतो. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत बरोबरीने पहिले आले. ते मायदेशी परतले तेव्हाचं त्यांचं मुंबईतलं स्वागत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, म्हणजे सावेदादांनी, कॅमेऱ्यात धरलं. आपल्या माणसाने काढलेल्या अगदी सुरुवातीच्या चित्रणांपैकी हे एक. म्हणजे आपल्या कॅमेऱ्याला विद्यार्थी सापडला तो असा: परीक्षा संपवून, बोटीवरून उतरून, सत्कार करून घेताना. आजही चौकाचौकांत 'पीएसआयपदी निवड झाल्याबद्दल' जे फ्लेक्स लागतात ते त्याच परंपरेतले. (जाता जाता: केंब्रिजच्या त्या परीक्षेचं नाव 'ट्रायपॉस'. ते नाव तीन पायांच्या तिवईवरून पडलं असं सांगतात. जुन्या काळी तिथल्या वादविवादात एक जण तिवईवर बसत असे. हे मी सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे आप्पा केंब्रिजचे!")

दुसरी गोष्ट फाळक्यांची. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आल्यावर, 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, पैसे लावणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा एका जागी रोखून रोज थोडं थोडं चित्रण करत गेले. ती चिमुकली फिल्म म्हणजे 'अंकुराची वाढ'. नट नाही, कथा नाही. रोप वाढताना दिसावं एवढाच उद्देश, आणि कॅमेऱ्याने जागचं हलू नये एवढीच अट. यावर कोल्हापूरकडचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, आमच्याकडं बाबूराव पेंटरांनी कॅमेराच घरी बनवला हुता." बनवला होता, खरंच आहे, १९१८ च्या सुमारास, दामल्यांना हाताशी घेऊन. पण त्या दिवशी माझा मुद्दा वाटाण्याचा होता आणि तो तिथेच राहिला.

मग तो मुद्दा आप्पांनी शिकवला.

झालं असं की, एका गटाने आप्पांची वर उडणारी मान जाग्यावर राहावी म्हणून टिल्टचा लॉक पकडीने आवळला. इतका, की तो परत सुटलाच नाही. मान खाली घातलेली ती तशीच. पुढच्या गटाला हे कळलं शनिवारी संध्याकाळी, मामा कपाटाला कुलूप लावून गेल्यानंतर. हा गट नांदेडचा एक, चाळीसगावचा एक आणि पुण्याच्या दोघी असा. त्यांनी सदाशिव पेठेतली एक अभ्यासिका धरली होती, कारण चाळीसगाववाल्याचा मोठा भाऊ तिथे स्पर्धा परीक्षेसाठी बसायचा. अभ्यासिकेच्या मालकांनी आत शूटिंगला साफ नाही म्हटलं. "दाराबाहेर काय ते करा. आवाज नको, आणि जायच्या यायच्या वाटेत नको."

म्हणजे आत जायचं नाही, आवाज करायचा नाही, आणि ट्रायपॉड जमिनीशिवाय दुसरीकडे बघत नाही. मला फोन आला. मी म्हटलं, आप्पांना समोर काय दिसतंय? पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग नांदेडवाला म्हणाला, "चपला, सर."

दाराच्या डाव्या हाताला लोखंडी स्टँड, पाच फळ्यांचा, आणि त्याच्यापुढे फरशीवर ओसंडलेल्या चपला. उंबरठा अर्धा. एवढीच फ्रेम. मी सांगितलं, खडूने आप्पांच्या तिन्ही पायांभोवती गोल करा आणि त्यांना रात्रीपर्यंत हलवू नका. रविवारी सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत, दर पाव तासाला दोन मिनिटं, चौघांनी पाळीपाळीने. फोन काढायचा, चार्ज करायचा, परत लावायचा. दर वेळी फोन लावताना फ्रेम केसभर सरकते. एडिटिंगला ते सरकणं सरळ करून टाकायला मुलं निघाली होती. मी करू दिलं नाही.

ती फिल्म मी पुष्कळदा पाहिली आहे. सहाला स्टँड रिकामा, फक्त खालच्या फळीवर एक रबरी स्लीपर, आदल्या रात्रीपासूनची. सव्वासहाला पहिले बूट येतात. नंतर येतच राहतात: कोल्हापुरी, टाचेशी घासून उतरती झालेली, मुलींच्या काळ्या सँडल, बक्कल तुटून सेफ्टी पिनेवर आलेल्या, नव्या कोऱ्या पांढऱ्या बुटांचा एक जोड, जो मालक फळीवर न ठेवता भिंतीशी उभा करतो आणि दोन पावलं गेल्यावर परत येऊन वर्तमानपत्राने झाकतो. अकरापर्यंत फळ्या भरतात, मग फरशी. साडेअकराला एकच झुंबड उडते, सगळे पाय एकदम बाहेर पडतात आणि तासाभराने परत येतात. रविवारची मेसची फीस्ट. काहींच्या पावलांत आता जडपणा आहे, तो नुसत्या पावलांत दिसतो. दुपारी दीड ते चार काहीही हलत नाही. फरशीवरचं ऊन तेवढं दारापासून स्टँडपर्यंत सरकतं. सगळ्या फिल्ममध्ये या अडीच तासांना मुलांनी पूर्ण वीस सेकंद दिले. विसापर्यंत मोजलं त्यांनी.

संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला एक मुलगा दाराशी येऊन उभा राहतो. म्हणजे त्याचे पाय येतात. अनवाणी, पोटऱ्यांपर्यंत दुमडलेली ट्रॅक पँट. तो फोनवर बोलतोय. एका पायाचा अंगठा दुसऱ्या पायाच्या घोट्यावर घासतोय, सारखा.

"हो पप्पा. हो. जेवलो ना. नाही, आताच. फॉर्म निघाला की सांगतो. आईला म्हणावं जेवलो."

मग पाय आत जातात. नुसता स्टँड उरतो.

गटातल्या एका मुलीने दुसऱ्या दिवशी जाऊन त्याला विचारलं होतं, फिल्ममध्ये घेऊ का. तो म्हणाला, तोंड दिसत नाही ना, मग घ्या. वर्गात फिल्म दाखवली तेव्हा त्या प्रसंगाला कुणीच काही बोललं नाही. मी आपलं म्हटलं, आवाज चांगला धरलाय, माइक कुठे ठेवला होता? तेव्हा नांदेडवाला म्हणाला, "सर, रविवार होता."

पुण्यात न राहिलेल्यांसाठी सांगतो. रविवारी रात्री इथल्या बहुतेक मेस बंद असतात.

रात्री अकराला फिल्म संपते. फळीवर तीच एक रबरी स्लीपर आहे. ती कुणाची, हे चौघांना शेवटपर्यंत कळलं नाही. मालकांना विचारलं तर त्यांनाही माहीत नव्हतं. शेवटी पियानो नव्हता, अर्पणपत्रिका नव्हती. मी वीसपैकी अठरा दिले. दोन कापले कारण नावांच्या पाटीत 'शीर्षक' चुकीचं लिहिलं होतं, आणि कारण अठराच्या वर मी कुणालाच देत नाही.

खरं सांगायचं तर त्यानंतरही गजराची घड्याळं येतच आहेत. एका फिल्मने वर्ग सुधारत नसतो. आता तर व्हिडिओ उभा हवा असतो, रीलसाठी. मग फोनचा चिमटा आडवा करून आप्पांच्या डोक्यावर फोन असा लटकवतात की त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही. टिल्टचा लॉक रविवार पेठेतल्या एका कारागिराने तेल पाजून सोडवून दिला. पैसे घेतले नाहीत, "हे काय दुरुस्त करायचं, हे नवीन घ्या" एवढा सल्ला दिला.

कॉलेजच्या ऑफिसचंही तेच म्हणणं आहे. दरवर्षी डेडस्टॉकची पडताळणी होते. समितीचे लोक यादी घेऊन येतात, कपाटासमोर उभे राहतात, आप्पांच्या पायावर पांढऱ्या ऑइल पेंटने लिहिलेला नंबर वाचतात आणि विचारतात, "हे चालू आहे का?" वस्तू चालू नसेल तर निर्लेखनाचा प्रस्ताव, मग भंगार. अल्युमिनियमला भाव बरा येतो. गेल्या वर्षी त्यांनी रकान्यात 'नादुरुस्त' असं लिहायला घेतलं. मामा नेहमी खाली मान घालून उभे असत, ते पुढे झाले. त्यांनी काही न बोलता पिशवी उघडली, आप्पांना बाहेर काढलं, एकट्याने, गुडघ्यात वाकून तिन्ही पाय ओढले, ट्यूबची पट्टी गुंडाळली, प्लेट सरकवली आणि समितीच्या अध्यक्षांच्या हातातला फोन अदबीने घेऊन वर लावला.

फोनच्या पडद्यावर समितीचे बूट दिसत होते.

रकान्यात 'चालू' लिहिलं गेलं. या जूनमध्ये मामा निवृत्त झाले. जाताना त्यांनी वही माझ्या ताब्यात दिली आणि मोजून सामान दाखवलं. कॅमेरे दोन, एक बंद. माइक तीन. गजराची घड्याळं चार. ट्रायपॉड १, प्लेट १. होमिओपॅथीची डबी होती, ती हलवली तर वाजेना. शेवटची सही मार्चमधल्या गटाची आहे, आणि ती चौघं आता चार गावांना पांगलीत. आठ आणे ज्या कुणाच्या खिशात, कंपासपेटीत किंवा बॅगेच्या तळाशी राहिले असतील, त्यांनी ते आणून द्यावेत. मामा भेटणार नाहीत, पण खिडकी तीच आहे. सध्या आम्ही रुपयावर काम चालवतोय.